सर्व्हर साहेब कधी येणार?

संगणकाच्या जाळ्यातील नेहमीच्या शब्दांची घरगुती ओळख



गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी एक मावशी आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या मुलीला शिकवतात. मुलगी चांगल्या गुणांनी बारावी पास होऊन कॉलेजात गेली. तिच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्यासाठी मावशी सलग तीन दिवस एका केंद्रावर जात होत्या. तिन्ही दिवस एकच उत्तर, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." तीन दिवसांचे खाडे झाले. मुदतीला दोनच दिवस उरले. मावशींनी आम्हाला विचारले, "भाऊ, हे सर्व्हर साहेब बसतात कुठं? आन् येतात तरी कधी?"

अभ्यासिकेतील पोरे हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. मावशींचे काय चुकले? आजवर कचेरीत त्यांचे काम अडले ते साहेब जागेवर नाहीत म्हणूनच. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब रजेवर आहेत, हे ऐकण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. आता साहेबांच्या जागी सर्व्हर आला, एवढेच त्यांना कळले होते.

आम्ही एका मुलाच्या मोबाईलवर तीच वेबसाइट उघडून पाहिली. ती लगेच उघडली. तासाभरात मुलीचा फॉर्म भरून झाला आणि अर्ज क्रमांकही मिळाला. याचा अर्थ सर्व्हर चालू होता. बंद होती ती त्या केंद्राची स्वतःची लाइन! केंद्रचालक मुद्दाम खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. कदाचित त्यालाही फरक ठाऊक नसेल. पण एक शब्द चुकीचा वापरला गेला आणि एका कष्टकरी बाईची तीन दिवसांची मजुरी बुडाली. आणखी दोन दिवस तसेच गेले असते तर शिष्यवृत्तीही हातची गेली असती.

ही शिष्यवृत्ती साधी नव्हे. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. एवढ्या कष्टाने मिळवलेली गोष्ट दोन शब्दांपायी गमावावी, हे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून हे शब्द समजून घेऊ या. आम्ही उमेदीची वर्षे टेलिफोन खात्यात, खड्ड्यात बसून तांब्याच्या तारांच्या जोड्या जोडण्यात घालवली. त्या अनुभवाच्या आधारे जमेल तितके सोपे करून सांगतो.

जाळे कशाला म्हणतात?

दोन किंवा अधिक संगणक माहितीची देवघेव करण्यासाठी एकमेकांना जोडले की झाले नेटवर्क, म्हणजे जाळे. जोडणी तारेची असेल, काचेच्या तंतूची असेल, किंवा वायफायसारखी हवेतून असेल. एका घरातले, एका शाळेतले किंवा एका कचेरीतले जाळे म्हणजे लॅन, अर्थात स्थानिक जाळे. शहराशहरांतील, देशादेशांतील जाळी जोडली की वॅन, अर्थात दूरवरचे जाळे. अशी जगभरची असंख्य जाळी एकाच नियमाने एकमेकांना जोडली गेली, त्या जाळ्यांच्या जाळ्याला इंटरनेट म्हणतात. इंटरनेट कुणा एकाच्या मालकीचे नाही. त्यातील तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे, सरकारांचे आणि विद्यापीठांचे आहेत.

आता मावशींचा प्रश्न. सर्व्हर म्हणजे सेवा पुरवणारा संगणक. आपला मोबाईल किंवा केंद्रावरचा संगणक हा मागणारा, त्याला क्लायंट म्हणतात. मागणाऱ्याने मागायचे आणि सर्व्हरने द्यायचे. तेव्हा सर्व्हर हा साहेब नव्हेच. तो वाढपी आहे. रात्रंदिवस चालू राहून येईल त्याला वाढत राहणे, हे त्याचे काम. मुदतीच्या शेवटच्या दिवशी लाखो मुले एकदम पंगतीला बसली की वाढप्याचे हात पुरत नाहीत. कधी तो कोलमडूनही पडतो. तेव्हा तो खरोखरच डाऊन असतो. पण पंगत सुरू असून आपल्याच घराचे दार बाहेरून लागले असेल, तर त्यात वाढप्याचा काय दोष?

बिट, बाइट आणि जाहिरातीतील वेग

संगणकाला दोनच अक्षरे कळतात, शून्य आणि एक. अशा एका अक्षराला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. हजार बाइटचा साधारण एक केबी, हजार केबीचा एक एमबी आणि हजार एमबीचा एक जीबी. संगणकाच्या हिशेबात हजाराऐवजी १०२४ ही धरतात, पण घरगुती हिशेबाला हजार चालते.

इथे एक मेख आहे. कंपनी नेटचा वेग बिटांत सांगते, आपली फाईल मात्र बाइटमध्ये मोजली जाते. जाहिरातीत १०० एमबीपीएस असे लिहिले असेल तर ते सेकंदाला १०० मेगाबिट. आठने भागले की झाले साडेबारा मेगाबाइट. म्हणजे ६०० एमबीचे व्याख्यान उतरवायला सगळे सुरळीत असतानाही ४८ सेकंद लागणार, सहा नव्हेत. वेग कमी वाटला की आधी आठने भागून पाहावे आणि मग तक्रार करावी.

फॉर्म भरताना हाच हिशेब कामी येतो. मोबाईलवर काढलेला जातीच्या दाखल्याचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. वेबसाइट म्हणते, फाईल २५६ केबीपेक्षा मोठी नको. म्हणजे फोटो पंधरा पटीने मोठा आहे. तिथे "अपलोड होत नाही, सर्व्हर खराब आहे" असे म्हणून उपयोग नाही, फोटो लहान करायला हवा. अभ्यासिकेतील आठवीतला मुलगाही ते दोन मिनिटांत करून देतो.

तार, काच आणि दुभाषी

टेलिफोनची जुनी तार आवाजासाठी घातलेली होती. आवाज लाटेसारखा चढत-उतरत जातो, त्याला ॲनालॉग म्हणतात. संगणकाची भाषा शून्य आणि एकची, ती डिजिटल. या दोघांमध्ये दुभाषी लागतो, तो मोडेम. संगणकाचे बिट तो लाटेवर चढवतो आणि आलेल्या लाटेवरून बिट उतरवून घेतो. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, तेव्हा फोन फिरवून मोडेम लावावा लागे. त्याचा किर्र-कुईं आवाज अनेकांच्या कानात अजून असेल. पुढे हे मोडेम सुधारत गेले तरी ५६ किलोबिटच्या वर ते गेले नाहीत. एक एमबीची फाईल यायला दोन-अडीच मिनिटे लागत.

आज मोठ्या अंतराचे काम ऑप्टिकल फायबर करते. हा काचेचा तंतू असतो, केसाएवढा बारीक. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. प्रकाशाची उघडझाप म्हणजेच एक आणि शून्य. अतिशुद्ध काचेतून प्रकाश दूरवर नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. देशादेशांतील बहुतांश माहिती समुद्राच्या तळावरील अशाच केबलमधून जाते. अशा काही केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. माहिती आकाशातून, उपग्रहावरून येते असे पुष्कळांना वाटते. खरे तर ती बहुतेक वेळा समुद्राखालून येते.

देवघेवीचे तीन प्रकार परीक्षेत हमखास विचारतात. एकाच बाजूने बोलणे, म्हणजे रेडिओ किंवा सभेतील लाऊडस्पीकर, हे सिम्प्लेक्स. दोन्ही बाजूंनी पण आळीपाळीने, म्हणजे पोलिसांचा वॉकीटॉकी, हे हाफ डुप्लेक्स. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, म्हणजे टेलिफोन, हे फुल डुप्लेक्स.

सहा डिसेंबर आणि पॅकेट

आता जाळ्याचे खरे मर्म पाहू. आपण फाईल पाठवतो तेव्हा ती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात, साधारण दीड हजार बाइटचा एक. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रम लिहिलेला असतो. असा तुकडा म्हणजे पॅकेट. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. पॅकेट हे नाव डेव्हिस यांचे.

हे समजायला सहा डिसेंबर आठवावा. समजा, विदर्भातील एका गावाहून चाळीस माणसे चैत्यभूमीला निघाली. सगळ्यांना एका डब्यात जागा मिळत नाही. काही रात्रीच्या गाडीने येतात, काही सकाळच्या. कुणी दादरला उतरतो, कुणी कल्याणला गाडी बदलतो. मागून निघालेले कधी आधी पोचतात. प्रत्येकाला ठाऊक एवढेच की शिवाजी पार्कवर गावाच्या फलकाखाली जमायचे. तिथे कारभारी यादी काढतो आणि मोजतो. चाळीस भरले की गाव पुन्हा गावासारखे उभे राहते.

पॅकेटांचेही तसेच. ती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोचतात आणि शेवटी अनुक्रमाने जुळवली जातात. सतरावे आले नाही, तर घेणारा संगणक निरोप पाठवतो आणि सतराव्याची नक्कल पुन्हा रवाना होते. एक वाट बंद पडली तरी दुसरी सापडते. सगळी फाईल नव्याने पाठवावी लागत नाही.

वाटेतल्या चौकाचौकांत समता सैनिक दलाचे सैनिक उभे असतात ना, रांग इकडून, पाणी तिकडे, असे सांगत? जाळ्यात ते काम राउटर करतो. पॅकेट आले की तो डोक्यावरचा पत्ता वाचतो आणि पुढच्या चौकाकडे धाडतो. संपूर्ण वाट कोणत्याच राउटरला ठाऊक नसते. पुढचे पाऊल तेवढे ठाऊक असते. स्विच हा त्याचा धाकटा भाऊ, तो एकाच घरातल्या किंवा कचेरीतल्या यंत्रांमध्ये वाटप करतो. आपल्या घरातील दिवे लुकलुकणाऱ्या पेटीत बहुधा मोडेम, राउटर, स्विच आणि वायफाय असे चारही जण एकत्र नांदत असतात.

पत्ता, नाव आणि खिडकी

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता हवा, तो आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा असतो. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाची लोकसंख्या त्याहून अधिक, त्यात प्रत्येकाकडे दोन-दोन यंत्रे, तेव्हा पत्ते कमी पडले. म्हणून १२८ बिटांची नवी पद्धत आली आणि तिचे पत्ते सरता सरणार नाहीत. जुन्या पद्धतीत निभावण्यासाठी एक युक्तीही आहे. चाळीचा टपालपत्ता एक आणि आत खोली क्रमांक अनेक. तसा सगळ्या घराला बाहेरचा पत्ता एकच मिळतो आणि आतल्या यंत्रांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे खोली क्रमांक देतो.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, नाव राहते. आपण वेबसाइटचे नाव लिहितो आणि डीएनएस नावाची व्यवस्था त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते. नाक्यावरच्या दुकानदाराला "अमक्यांचे घर कुठे?" असे विचारावे आणि त्याने गल्ली दाखवावी, तसे. ही व्यवस्था १९८३ पासूनची आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ असे शेवटचे नाव घेण्याचीही सोय झाली आहे. दुकानदारच बेपत्ता असेल तर घर जागेवर असूनही सापडत नाही. तसे पडद्यावर डीएनएसची चूक दिसली, तर सर्व्हर बंद आहे असे समजू नये.

घर सापडले, आता खिडकी. पोस्टात मनीऑर्डरची खिडकी वेगळी, तिकिटांची वेगळी. एकाच सर्व्हरवरील वेगवेगळ्या कामांच्या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. साध्या वेबसाइटची खिडकी ८० क्रमांकाची, कुलूपबंद वेबसाइटची ४४३ क्रमांकाची.

जयभीमला जयभीम

दोन अनोळखी संगणकांनी बोलायचे कसे, याचे आधी ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. विहारातील कार्यक्रमाचा क्रम आपल्याला पाठ असतो. आधी पुष्पपूजा, मग त्रिसरण-पंचशील, मग प्रास्ताविक. कोणत्याही गावचा माणूस कोणत्याही विहारात गेला तरी गोंधळत नाही, कारण रीत एक आहे. इंटरनेटची रीत टीसीपी-आयपी. तिची पायाभरणी व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये केली आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्याने ती सक्तीने स्वीकारली.

यातील आयपी पत्त्याचे पाहतो आणि टीसीपी पोचण्याची हमी घेतो. बोलणे सुरू करण्यापूर्वी टीसीपी तीन पावले टाकतो. पहिला म्हणतो, जयभीम. दुसरा म्हणतो, जयभीम, ऐकू येते आहे, बोला. पहिला म्हणतो, बरे, ऐका तर. दोन्ही बाजूंना ऐकू येत असल्याची खात्री झाल्यावरच माहिती निघते आणि तिची पोच घेतली जाते. हे रजिस्टर एडी टपालासारखे आहे. पैसे पाठवणे, फॉर्म भरणे, पत्र धाडणे अशी कामे याच रीतीने होतात. याचा भाऊ यूडीपी. तो पोचेची वाट पाहत नाही, लाऊडस्पीकरवरच्या घोषणेसारखा सांगून मोकळा होतो. थेट प्रक्षेपण आणि व्हिडिओ कॉल यांना तो बरा पडतो, कारण हुकलेला शब्द दोन मिनिटांनी ऐकून काय उपयोग?

वेबसाइटच्या नावाशेजारी पूर्वीपासून कुलपाचे चिन्ह दाखवण्याची रीत आहे. काही ठिकाणी आता त्याऐवजी दुसरे चिन्ह असते. अर्थ असा की वाटेतील कुणाला मजकूर वाचता येणार नाही. मात्र भगिनींनी एक लक्षात ठेवावे. कुलूप वाटेचे असते, पलीकडच्या माणसाच्या इमानाचे नव्हे. भामट्याच्या वेबसाइटलाही ते असू शकते. ओटीपी आणि पासवर्ड कुणालाही सांगू नये, मग तो कितीही गोड बोलो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, या सगळ्या कामाची सात थरांत मांडणी करतात, तिला ओएसआय म्हणतात. खालून वर: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. तार पहिल्या थरात, आयपी तिसऱ्या आणि टीसीपी चौथ्या.

रुंदी वेगळी, उशीर वेगळा

बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी. एका सेकंदाला किती बिट जाऊ शकतील, याचे ते माप. लेटन्सी म्हणजे पोचायला लागणारा उशीर. रस्ता आठ पदरी असला तरी गाव लांब असेल तर वेळ लागणारच. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पंधरा हजार किलोमीटरची केबल असेल तर निव्वळ वाटेत एका बाजूला ७५ मिलिसेकंद जातात. दूरदर्शनचे उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथे वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. म्हणून तशा उपग्रहावरून बोलताना समोरचा थांबून थांबून बोलतो आहे असे वाटते. २०२३ पासून आपल्या देशात किमान दोन मेगाबिट वेग असेल तरच जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येते, हेही ठाऊक असू द्यावे.

अडले कुठे? हे चार प्रश्न विचारा

आता कामाचे बोलू. कुणी "सर्व्हर डाऊन" म्हणाले की शांतपणे पुढील चार प्रश्न विचारावेत. भांडू नये, फक्त विचारावे.

१) दुसरी कोणतीही वेबसाइट उघडते का? उघडत नसेल तर दोष इथलाच, लाइनचा किंवा राउटरचा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

२) तीच वेबसाइट दुसऱ्या जोडणीवर उघडते का? केंद्राच्या नेटवर नाही, पण मोबाईलच्या डेटावर उघडत असेल तर सर्व्हर ठीक आहे.

३) पडद्यावर आकडा कोणता आहे? ४०४ असेल तर ते पान त्या पत्त्यावर नाही, पत्ता तपासावा. ५०० किंवा ५०३ असेल तर दोष बहुधा सर्व्हरकडचा आहे. तेव्हा रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा, गर्दी कमी असते.

४) याचा पुरावा काय? पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवावा. मुदत चुकली तर कॉलेजकडे किंवा समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज करताना हाच कागद उपयोगी पडतो. तोंडी तक्रारीला आजवर कुणी विचारलेले नाही.

सर्व्हर कोलमडणे यात लाजिरवाणे काही नाही. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरून कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द पाठवायचा होता, पण एल आणि ओ ही दोनच अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बसले! सुमारे तासाभराने ते दुरुस्त होऊन संदेश गेला. बिघाड होतात आणि दुरुस्तही होतात. प्रश्न एवढाच की बिघाड कुठे आहे हे खरे सांगितले जाते की नाही.

हक्काची बाजू

रेशन दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले आणि "नेट नाही" हा शब्द तिथेही पोचला. केंद्र शासनाने २०१७ मध्ये राज्यांना कळवलेले आहे की, नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाचे धान्य नाकारू नये, रेशन कार्ड पाहून द्यावे आणि तशी नोंद ठेवावी. हे आपल्या महिला मंडळांनी पाठ करून ठेवावे.

२०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या अर्जावर, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, इंटरनेटवरून मत मांडण्याच्या स्वातंत्र्याला संविधानाच्या कलम १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. संविधान लिहिले गेले तेव्हा इंटरनेट नव्हते, तरी त्यातील शब्द आज तारेवरही लागू पडतात.

आणखी एक शब्द शिकण्याजोगा आहे, नेट न्यूट्रॅलिटी. म्हणजे वाटेच्या मालकाने पॅकेटांमध्ये भेदभाव करू नये. हे कुणाचे, ते कुणाचे, असे पाहून एकाला पुढे काढायचे आणि दुसऱ्याला ताटकळत ठेवायचे, हे चालणार नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. आपल्याला याचे मोल विशेष कळावे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. वाट दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, ते आपण भोगलेले आहे.

गावोगावच्या वाचकांसाठी शेवटची गोष्ट. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिला आता भारतनेट म्हणतात. तिचा पैसा सार्वजनिक निधीतून येतो. पुष्कळ ग्रामपंचायतींत ती पेटी भिंतीवर आहे, मात्र तिचा उपयोग कुणाला होतो याची चौकशी कुणी करीत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. सार्वजनिक पैशांतून आलेल्या या नव्या पाणवठ्याचा नळ आपल्या वस्तीपर्यंत, शाळेपर्यंत आला आहे का, हे येत्या ग्रामसभेत जरूर विचारा. माहितीच्या अधिकारातही विचारता येते.

मावशींचे पुढे काय झाले?

यंदा त्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची वेळ आली. मधल्या काळात अभ्यासिकेतील मुलांनी वरचे चार प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून विहाराच्या भिंतीला लावले होते. मावशींना वाचायला अडचण पडते, पण लेकीने ते म्हणून घेतले होते. यंदाही केंद्रावर तेच उत्तर मिळाले. मावशींनी विचारले, "भाऊ, दुसरं काही उघडतंय का? मग लाइन तुमची बंद हाय का सर्व्हर त्यांचा?"

केंद्रचालकाने वर पाहिले. मग उठला, कोपऱ्यातील पेटीची पिन काढली, जरा थांबून पुन्हा लावली. पाच मिनिटांनी म्हणाला, "बसा मावशी, झालं सुरू."

त्या दिवशी मावशींचा खाडा झाला नाही. दुपारच्या दोन घरांना त्या वेळेवर पोचल्या.

आपल्या विहारात असा एक पुठ्ठा लावायला खर्च काही नाही. रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे मुलांनी एकेक शब्द मोठ्यांना समजावून सांगावा. आज राउटर, पुढच्या रविवारी पॅकेट. चुकले तर चुकू द्यावे, पुन्हा सांगावे. शिकलेल्या मुलाने आईला शिकवणे, हीही बाबासाहेबांच्या ऋणाची फेड आहे.

जयभीम!